कोब्याआधी घरकुल पूर्ण समजू नये

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, बुलढाणा

विषय : धामणगाव बढे (ता. मोताळा) व परिसरातील घरकुलांच्या कोब्याबाबत आणि त्या घरांत वाढणाऱ्या मुलांच्या आरोग्याबाबत



प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), म्हणजे जुन्या इंदिरा आवास योजनेची जागा घेऊन २०१६ पासून चालू असलेली आणि केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात खर्च उचललेली घरकुल योजना, सपाट प्रदेशातील बेघर किंवा कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला १ लाख २० हजार रुपये, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानातून १२ हजार रुपये देते, आणि त्यातून किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे घर उभे राहावे अशी अपेक्षा ठेवते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने योजनेला पुढील पाच वर्षांसाठी आणखी २ कोटी घरांची मंजुरी दिली, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःच्या तिजोरीतून ५० हजार रुपयांची भर घातली, त्यांपैकी १५ हजार रुपये छतावरील सौरऊर्जेसाठी राखले. हा सारा पैसा गावापर्यंत पोहोचवण्याची आणि त्यातून घर झाले की नाही हे पाहण्याची जबाबदारी शेवटी जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांच्यावर येते, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून आहे. त्यातील मुख्य मागणी एकच आहे, आणि ती खर्चाच्या मानाने फार लहान आहे : ज्या घरात कोबा झालेला नाही, म्हणजे खालची मातीची जमीन सिमेंट, रेती आणि गिट्टीच्या थराने पक्की झालेली नाही, ते घरकुल कागदावर पूर्ण म्हणून नोंदवले जाऊ नये.

घरकुलाकडे पाहण्याची सरकारी नजर वरून खाली येते. छप्पर कौलांचे की टिनाचे, भिंत कुडाची की विटांची, हे सर्वेक्षणात विचारले जाते, कारण कच्चे आणि पक्के हा भेद मुख्यतः भिंत आणि छप्पर यांवर ठरवलेला आहे. लहान मुलाचे घर मात्र खालून सुरू होते. रांगणारे मूल भिंतीला टेकत नाही आणि छताकडे पाहत नाही. त्याचे हात, गुडघे, तोंड आणि खेळणे दिवसभर जमिनीशी असतात, आणि त्याच जमिनीवर ते झोपते, जेवते आणि पुढे शाळेत जाऊ लागल्यावर पोटावर पडून अभ्यासही करते.

राजूर घाट उतरून मोताळ्याच्या पट्ट्यात आले की गरीब वस्तीतील घराची घडण साधारण एकाच तऱ्हेची दिसते : पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा कूड, त्याला आतून-बाहेरून मातीचा लेप, वर टिनपत्रे आणि पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड. धाब्याची जुनी घरे ज्यांच्या वाट्याला आली त्यांच्या भिंती जाड आणि उन्हाळ्यात थंड असतात, पण त्यांचीही जमीन मातीचीच असते. ही जमीन शेणाने सारवलेली असते, आणि सारवण्यामागे स्वच्छतेची, निगुतीची आणि घराविषयीच्या मायेची मोठी परंपरा आहे, ती कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण सारवण ही जमीन पक्की करण्याची पद्धत नव्हे. ती दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा करावी लागते. पावसाळ्यात खालून ओल चढते, सारवणाचे पोपडे निघतात, गोधडीची खालची बाजू कधी सुकत नाही, आणि भिंतीच्या बुडाशी उंदरांनी केलेल्या बिळांतून विंचू आणि साप आत येतात, तेही माणसे जमिनीवर निजलेली असताना. मजुरीहून परत आलेल्या बाईला शेण आणणे, माती कालवणे आणि घर सारवणे यांसाठी जो वेळ द्यावा लागतो, तो कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरला जात नाही.

मातीच्या जमिनीचा आणि आजाराचा संबंध सरळ आहे. मातीतून पसरणारे जंत, म्हणजे गोल जंत, चाबूक जंत आणि अंकुश जंत, यांची अंडी विष्ठेतून मातीत येतात, तेथे परिपक्व होतात आणि मातीने माखलेल्या हातांतून पोटात जातात. अंकुश जंताच्या बाबतीत तर मातीत वाढलेली अळी अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त शोषते, ज्यातून रक्तक्षय होतो. ओलसर, सावलीतील माती या अंड्यांना मानवते, आणि घराच्या आतली जमीन नेमकी तशीच असते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, आणि ते काम आवश्यकच आहे. पण गोळी पोटातील जंत मारते, जमिनीतील अंडी तशीच राहतात, आणि मूल संध्याकाळी पुन्हा त्याच जमिनीवर बसते. हगवणीचेही तसेच आहे. सांडलेले पाणी, कोंबड्यांची आणि शेळ्यांची विष्ठा, तान्ह्या मुलाची शी हे सारे मातीत जिरते, दिसेनासे होते आणि पुसता येत नाही. कोब्यावर सांडलेले दिसते, पुसता येते आणि धुता येते. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

हा फरक किती मोठा, याचे सर्वांत स्पष्ट मोजमाप मेक्सिकोत झाले आहे. तेथील कोआविला राज्याने २००० साली ‘पिसो फिर्मे’, म्हणजे ‘पक्की जमीन’, या नावाचा कार्यक्रम सुरू केला, ज्यात सरकारने गरिबांना नवे घर बांधून न देता फक्त मातीच्या जमिनीवर घालण्यासाठी काँक्रीट पुरवले आणि ते पसरवण्याचे काम कुटुंबांनी स्वतः केले. शेजारच्या दुरांगो राज्यात असा कार्यक्रम नव्हता, पण दोन्ही राज्यांच्या सीमेवरील टोरेऑन आणि गोमेझ पालासिओ ही शहरे एकमेकांना लागून आहेत आणि त्यांच्या गरीब वस्त्या बऱ्याच सारख्या आहेत, त्यामुळे कातानेओ, गालियानी, गर्टलर, मार्टिनेझ आणि टिट्यूनिक या अभ्यासकांना दोन्हीकडच्या घरांची तुलना करता आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, घरातील सगळी मातीची जमीन सिमेंटची झाल्यास लहान मुलांमधील जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी, हगवण ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो, भाषा आणि आकलन यांच्या चाचण्यांत मुले लक्षणीयरीत्या पुढे जातात, आणि त्यांच्या आयांमध्ये ताण व नैराश्य यांची लक्षणे कमी होतात. शेवटचा निष्कर्ष विशेष लक्षात घेण्यासारखा आहे, कारण आईच्या मनाचे स्वास्थ्य हे घरकुलाच्या कोणत्याही रकान्यात नसते. टोरेऑनची वस्ती शहरी होती आणि धामणगाव बढे हे मोठे असले तरी शेतीवर चालणारे गाव आहे, त्यामुळे तेथील टक्केवारी जशीच्या तशी येथे उतरेल असे मानणे बरोबर होणार नाही. पण जंताचे अंडे ज्या वाटेने मुलाच्या तोंडात जाते ती वाट दोन्ही ठिकाणी एकच आहे, आणि कोबा ती वाट दोन्हीकडे सारखीच अडवतो.

इतका स्वस्त आणि इतका उपयोगी भाग घरकुलात मागे का पडतो, याचे उत्तर बांधकामाच्या क्रमात आहे. अनुदान हप्त्याहप्त्याने येते. पाया, जोते, लेंटल, छत अशा टप्प्यांवर घराची छायाचित्रे स्थानाच्या नोंदीसह योजनेच्या संगणक प्रणालीवर चढवली जातात आणि पुढचा हप्ता मोकळा होतो. कोबा गवंड्याच्या रिवाजाप्रमाणे सर्वांत शेवटी, गिलावा झाल्यावर घातला जातो. तोवर पैसा संपलेला असतो, लोखंड आणि विटांची उधारी डोक्यावर असते, आणि बाहेरून काढलेल्या छायाचित्रात घर पूर्ण दिसत असल्यामुळे आतली जमीन मातीची राहिली तरी कोणाचे काही अडत नाही. कुटुंब मुरूम टाकून, चोपून, वर सारवून राहायला जाते आणि कोबा ‘पुढच्या वर्षी कापूस विकल्यावर’ या आशेवर सोडून देते. त्यात दुसरी एक गोष्ट मिसळते. ज्यांच्याकडे एकच जागा आहे त्यांना जुने घर पाडूनच नवे बांधावे लागते, आणि बांधकाम चालू असताना सारे कुटुंब शेजारी ताडपत्रीच्या पालाखाली राहते. काम पावसाळ्यात अडकले तर तान्ह्या मुलासह तो पावसाळा पालाखालीच जातो. अशा कुटुंबाला छत पूर्ण होताच आत जाण्याची घाई असणे अगदी समजण्यासारखे आहे, आणि त्या घाईत कोबा राहतो.

आता त्याचा हिशेब पाहावा. २५ चौरस मीटरच्या घरात दोन इंच जाडीचा थर घालायचा तर सव्वा घनमीटर काँक्रीट लागते, म्हणजे सुमारे ४४ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास धरला तर अर्ध्या ब्रासपेक्षाही कमी. एकास दोनास चार या नेहमीच्या प्रमाणाने त्याला आठेक गोण्या सिमेंट पुरते. शासनाच्या धोरणानुसार घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रास रेती विनामूल्य मिळायची आहे, आणि कोब्याला त्या रेतीचा अगदी किरकोळ भाग लागतो. छतावरील सौरऊर्जेसाठी १५ हजार रुपये देणाऱ्या राज्याला त्याच छताखालील जमिनीसाठी आठ गोण्या सिमेंटची तजवीज करणे जड जाईल असे दिसत नाही. त्याहून सोपा उपाय क्रम बदलण्याचा आहे : जोते मुरुमाने भरून चोपल्यावर लगेचच, म्हणजे हातात हप्त्याचा पैसा असतानाच, काँक्रीटचा खालचा थर घालून घ्यावा आणि गुळगुळीत वरचा थर शेवटी द्यावा. पुढे वरचा थर राहिलाच, तरी मूल मातीवर राहत नाही. गवंड्यांना हे सांगण्यासाठी वेगळा शासन निर्णय लागत नाही. तालुक्याच्या पातळीवर काम करणारे ग्रामीण गृहनिर्माण अभियंते जोत्याच्या पाहणीच्या वेळीच ते करून घेऊ शकतात, आणि अंतिम नोंदीसाठी घराच्या आतून काढलेले, जमीन दिसेल असे एक छायाचित्र अनिवार्य केले तर बाकीचे आपोआप मार्गी लागेल.

मोजण्याची रीत बदलली की गाव बदलते, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. योगायोग असा की कोआविलात जमिनी पक्क्या होऊ लागल्या त्याच २००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने तपासणी पथके गावोगाव फिरू लागली. त्या पथकांनी कचेरीतील कागदांवर विसंबून न राहता गल्लीत आणि घरात जाऊन पाहिले, म्हणून लोकांनीही रस्ते, गटारे आणि शौचालये मनावर घेतली. घरकुलाची तपासणीही उंबरठा ओलांडून आत गेली पाहिजे. विदर्भाच्या ज्या भूमीत गाडगेबाबांनी खराट्याने गावे झाडली आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धीचा आणि ग्रामनिर्माणाचा वेगळा विचार मांडला, तेथे ही अपेक्षा परकी वाटण्याचे कारण नाही.

कोणाला घर आधी मिळावे, हा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यात जिल्हा परिषदेच्या हाती असलेली एक गोष्ट आज वापरली जात नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या घरांतील कुटुंबांचा अग्रक्रम लावताना वंचिततेचे पाच निकष पाहिले जातात : १६ ते ५९ वयाचा एकही प्रौढ नसणे, त्या वयाचा पुरुष नसलेली स्त्री कुटुंबप्रमुख असणे, २५ वर्षांवरील एकही साक्षर नसणे, अपंग सदस्य असून धडधाकट प्रौढ नसणे, आणि भूमिहीन असून मुख्यतः मजुरीवर जगणे. गुण समान आले तर ग्रामसभा आणखी काही कुटुंबांना पुढे घेऊ शकते, ज्यांत दुर्धर आजाराचा रुग्ण असलेली आणि एकुलती एक मुलगी असलेली कुटुंबेही येतात. हे सारे न्याय्य आहे. पण घरात सहा वर्षांखालील मूल आहे का, आणि ते कुपोषित आहे का, हा प्रश्न या यादीत कोठेही विचारला जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीने कमी आहेत; ही मुले कोणत्या घरात झोपतात हे अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते, कारण ती दर महिन्याला त्यांचे वजन करते आणि त्यांच्या घरी जाते. घरकुलाची यादी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे, वजनाची नोंद महिला व बालकल्याण विभागाकडे आणि हगवणीच्या रुग्णांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राकडे असते, आणि या तिन्ही नोंदी आपल्या एकाच कार्यालयाच्या छत्राखाली येतात. केंद्राचा क्रम जिल्ह्याला बदलता येणार नाही हे मान्य आहे. पण समान गुणांच्या कुटुंबांत निवड करताना अंगणवाडीची यादी ग्रामसभेपुढे ठेवता येईल, आणि मंजूर झालेल्या घरांपैकी तान्ही मुले असलेल्या घरांची पाहणी आणि हप्ते पावसाळ्याआधी उरकण्याचा आग्रह धरता येईल, म्हणजे निदान त्या मुलांचा पावसाळा पालाखाली जाणार नाही.

घर चांगले झाले की गरिबी हटते, असा दावा येथे केलेला नाही. अहमदाबादेत १९८७ साली असंघटित क्षेत्रातील कष्टकरी स्त्रियांना सोडतीने शहराच्या कडेला, त्यांच्या जुन्या वस्तीपासून सुमारे १२ किलोमीटरवर चांगली घरे मिळाली. १४ वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा सुमारे एक तृतीयांश कुटुंबे तेथे राहायला गेलीच नव्हती, जवळपास तितकीच पुढे ते घर सोडून गेली होती, आणि विजेत्यांचे उत्पन्न किंवा त्यांच्या मुलांची स्थिती इतरांपेक्षा सरस आढळली नाही, उलट नातीगोती आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे मात्र दुरावली होती. मुंबईत म्हाडाच्या सोडतींत घर लागलेल्या कुटुंबांचा तनू कुमार यांनी केलेला अभ्यास वेगळे सांगतो : त्या कुटुंबांतील माणसे घर न लागलेल्यांपेक्षा अधिक शिकलेली आणि अधिक प्रमाणात रोजगारात असलेली आढळली, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांना ते घर भाड्याने देण्याची आणि काही काळाने विकण्याची मुभा होती. दोन्ही अनुभव एकत्र ठेवले तर घराची जागा आणि घरावरील हक्क या गोष्टी भिंतींइतक्याच निर्णायक ठरतात. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तेव्हाही मजबूत घरे मिळूनही लांब-रुंद आखणीत विखुरलेले शेजार पुन्हा जुळायला लोकांना वर्षे लागली.

धामणगाव बढे परिसरातील भूमिहीनांसाठी याचा अर्थ साधा आहे. जागा नसलेल्या कुटुंबांना गावापासून दूर ई-क्लास जमिनीवर, म्हणजे विदर्भात गायरान व पडीक म्हणून नोंदलेल्या सरकारी जमिनीवर, एका ओळीत नेऊन बसवण्यापेक्षा पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून गावठाणालगत ५०० चौरस फुटांचा तुकडा घेऊन देणे त्या मुलांच्या हिताचे आहे, कारण अंगणवाडी, हातपंप, किराणा दुकान आणि आजीचे घर हे सारे पायी जाण्याच्या अंतरात राहते. या योजनेची रक्कम पूर्वीच्या ५० हजारांवरून १ लाखापर्यंत वाढवण्यात आली आहे, आणि ती लोकांना पुरेशी ठाऊक करून देणे हे पंचायत समितीचे काम आहे. घर पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावे ही आवास योजनेतील तरतूदही ग्रामपंचायतीकडील घराच्या नमुना आठच्या उताऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. केवळ मंजुरीपत्रावर असलेले नाव बाईला अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

स्वयंपाकाच्या जागेबद्दल थोडेच, पण सांगणे भाग आहे. २५ चौरस मीटरमध्ये स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली असते, तरी गॅसचे सिलिंडर भरून आणणे परवडत नाही तेव्हा पऱ्हाट्यांची चूल त्याच बंद खोलीत पेटते, आणि पक्क्या भिंती धूर कुडाच्या भिंतीपेक्षा अधिक कोंडून धरतात. कुडाला फटी असतात, विटांना नसतात. म्हणून ओट्याच्या वर छताला लागून धुरासाठी झरोका ठेवणे आवश्यक आहे. तो बांधतानाच ठेवला तर त्याला खर्च येत नाही, आणि नंतर कोणी भिंत फोडत नाही.

येत्या ग्रामसभांत, २ ऑक्टोबरची असो वा २६ जानेवारीची, घरकुलांचा विषय निघेल तेव्हा धामणगाव बढे ग्रामपंचायतीपुढे एक तक्ता ठेवण्यास आपण सांगावे, ही या पत्राची विनंती आहे. आजवर पूर्ण म्हणून नोंदलेल्या प्रत्येक घरकुलात कोबा आहे की नाही, घरात सहा वर्षांखालील किती मुले आहेत, आणि जेथे कोबा नाही तेथे तो पावसाळ्याआधी घालण्यासाठी ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून किंवा लोकसहभागातून काय करू शकते, एवढे तीन रकाने त्यात असावेत. तक्ता भरायला ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांनी मिळून गावात फिरणे पुरेसे आहे, आणि तो भरून आल्यावर मोताळा तालुक्यातील इतर गावांकडूनही तो मागवावा.

कळावे,

धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा